एदुविनाचं घर पाण्यावरून जाताना

आधी काचा काढल्या.
आठ खिडक्या, बत्तीस काचा, एक आधीपासून तडकलेली.
लोकरी पांघरुणांत गुंडाळून
प्रत्येकीवर मी खडूनं आकडा घातला.
मग आतून तिरपे वासे ठोकले,
तापातल्या पोराला दोघांनी दोन्हीकडून धरावं तसे.
चूल मात्र तिनं काढू दिली नाही.
मी सुतार. मी म्हटलं, वजन आहे.
ती म्हणाली, माझंही आहे.
आणि लोखंडी चूल चार विटांवर चढवून
आत लाकूड भरत बसली.

आमच्या बेटांवर घर सोडून जात नाहीत,
घेऊन जातात.
शेजारी बोलवायचे, बैल बोलवायचे,
पैशाचा विषय काढायचा नाही.
काम झालं की शिंपले, बटाटे, डुकराचं मांस,
सफरचंदाची दारू,
आणि पुढल्या खेपेला घर त्यांचं, खांदा तुमचा.
याची वही कुणी ठेवत नाही.
सगळ्यांना पाठ असते.

नऊ जोड्या जुंपल्या.
रोसेंदोचा डावा बैल चिखलात बसला तो बसलाच;
त्याच्या नावानं बरंच काही बोललं गेलं, ते इथे नको.
मग ओंडक्यांवरून घर निघालं
आणि करकरलं,
चाळीस वर्षं एका कुशीवर झोपलेलं माणूस
कूस बदलताना करतं तसं.
ते उभं होतं तिथे मागे उरलं
पिवळं गवत, एक चमचा,
कुणाचा तरी दुधाचा दात.
तिनं चमचा उचलला, पदरानं नव्हे, बोटांनीच पुसला,
खिशात टाकला.

किनाऱ्यावर रात्रभर भरतीची वाट पाहिली.
बाहेरच्या भिंतींना माशासारखे लाकडी खवले;
फेर्मिन म्हणाला, म्हणजे पोहता येत असेलच.
कुणी हसलं नाही, पण बरं वाटलं.
पहाटे पाणी आलं,
उंबरा ओलांडून आत गेलं, न विचारता,
घरच्यासारखं.
बांधलेली पिंपं फुगल्यासारखी वर आली
आणि जमिनीनं घर सोडलं.

लाँच पुढे, दोर, मग घर.
धुराड्यातून धूर.
समोरच्या बेटावर पोरं धावत सुटली असणार.
आम्ही गप्प. खाडीच्या मधोमध
एदुविना म्हणाली, फेर्मिन, इंजिन बंद कर.

जागा आम्हाला ठाऊक होती.
अकरा वर्षांपूर्वी आबेलिनोची होडी
बियाण्याचे बटाटे घेऊन इथून परतली होती,
एकटी.

ती मला म्हणाली, दाराच्या फळ्या काढ.
मी म्हणालो, चौकट ढिली होईल.
ती माझ्याकडे बघत राहिली.
वल्हवत गेलो, चार खिळे उपसले.
दार पाण्याच्या रेट्यानं आपोआप आत उघडलं.
आत चुलीचा लाल उजेड,
गुडघाभर पाण्यावर हलणारा.

घर आणि आम्ही, कुणीच कुणाला ओढत नव्हतं.
फेर्मिनची एक सिगारेट संपेपर्यंत
किंवा न संपता विझेपर्यंत,
एवढाच वेळ.
एवढ्या वर्षांत तो घरी आला नव्हता.
आज घरच आलं होतं.

"आता लाव," ती म्हणाली.
मी दार लावलं.
खिळे जुन्याच भोकांत गेले.

प्रवाहात घर अर्धा फेरा फिरलं,
वासे फिरले नाहीत. ते मीच ठोकले होते.
पलीकडे ते टेकलं तेव्हा
स्वयंपाकघराचं तोंड समुद्राकडे नव्हतं, डोंगराकडे होतं.
पुन्हा बैल लावू का, विचारलं.
ती म्हणाली, आधी जेवा.

दुसऱ्या दिवशी काचा बसवल्या.
शेवटची, तडकलेली, हातात घेऊन म्हटलं,
नवी आहे माझ्याकडे, तशीच देतो.
नको, ती म्हणाली,
हिच्यातून तो येताना दोघं दिसायचे.

बसवली.
तिथून आता डोंगर दिसतो.
दोन डोंगर.